आभारप्रदर्शन : मेश्राम दीदी

११ जुलै. काम साधं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शोकसभा होती आणि तिची कार्यक्रमपत्रिका टाइप करून दहा प्रती काढायच्या होत्या. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरवर कार्यक्रमपत्रिकेची एकच फाइल आहे. स्नेहसंमेलन असो, पंधरा ऑगस्ट असो, कुणाचा निरोप असो, तीच फाइल उघडायची, वरचं शीर्षक आणि पाहुण्यांचं नाव बदलायचं आणि छापायची. मी वर ‘शोकसभा’ लिहिलं, खाली ‘कै. इंदू मेश्राम’ लिहिलं. मग आठवलं की दीदींचं घर बौद्ध, त्यांच्याकडे ‘कालकथित’ म्हणतात, म्हणून ते दुरुस्त केलं. स्वागतगीत काढलं, दीपप्रज्वलनाच्या जागी पुष्पांजली टाकली. सगळ्यात खाली शेवटची ओळ होती, ‘आभारप्रदर्शन : मेश्राम दीदी’. गेली कित्येक वर्षं ती ओळ कुणी बदललेली नव्हती, कारण बदलायचं कुणाला सुचलंच नव्हतं. शोकसभेत आभार मानत नाहीत, तिथे दोन मिनिटं मौन असतं. मी ओळ खोडली आणि मौन लिहिलं. फाइल सेव्ह करायची का, असं कॉम्प्युटरनं विचारलं तेव्हा मात्र मी उठले आणि पाणी पिऊन आले...

दीदी गेल्या त्याला तेव्हा पाच आठवडे झाले होते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या, शाळा बंद होती, म्हणून सभा लांबली. बातमी आली त्या दिवशी मी शाळेच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या धुवून घेत होते. पल्लवीचा, म्हणजे दीदींच्या मुलीचा फोन आला. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदीत. “मौसी, आई नहीं रही,” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, “बरं.” मग विचारलं, “कितने बजे?” तिनं वेळ सांगितली. फोन ठेवून मी माणसांना दुसरी टाकी उघडायला सांगितलं. तिच्या तळाला बरंच शेवाळ होतं, ते दोनदा घासायला लावलं. दुपारी अंत्ययात्रेला गेले. रडले नाही. अजूनही रडले नाही आणि त्याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. आत एक जागा आहे, तिथे हात लावला तर काही लागत नाही. दातांच्या डॉक्टरकडे सुई घेतल्यावर गाल जसा होतो, तसं.

आमची शाळा रायपूरच्या तात्यापाऱ्यातली, प्राथमिक, पाचवीपर्यंत. इथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींनी काढलेली. पूर्वी मराठी माध्यमाची होती, आता हिंदी माध्यम आहे आणि मराठी एक विषय म्हणून उरली आहे. मेश्राम दीदींचे वडील रेल्वेत होते, गोंदियाकडून बदलून रायपूरला आले आणि इथलेच झाले. दीदी शाळेत लागल्या तेव्हा त्यांना दुसरीचा वर्ग मिळाला आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. पहिली नको म्हणायच्या, तिसरी नको म्हणायच्या. “पहिलीतलं पोट्टं रडते, तिसरीतलं खोटं बोलते. दुसरीतलं बरोबर असते,” हे त्यांचं कारण. मी त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, मागाहून आलेली. त्या मला सुधा म्हणायच्या, मुलांसमोर सुधा मॅडम.

कार्यक्रमात आभार मानायला कुणालाच नको असतं. अध्यक्षांचं भाषण लांबलेलं असतं, मागे खुर्च्या सरकायला लागतात, पोरांचं लक्ष समोशांच्या खोक्यांकडे गेलेलं असतं आणि तेवढ्यात कुणीतरी माइकवर येऊन ‘ज्ञात-अज्ञात हातांचे आभार’ असं म्हणून सुटका करून घेतं. एका स्नेहसंमेलनाला आभार मानणारे गुरुजी आधीच घरी निघून गेले, म्हणून दीदींना पुढे ढकललं. त्यांनी हातात एक कागद धरला होता. मांडव घालणाऱ्या तिघांची नावं घेतली आणि रात्रीच्या वाऱ्यात एक बाजू पडली ती पहाटे येऊन त्यांनी परत उभी केली, असं सांगितलं. पाण्याचे कॅन आणणाऱ्याचं नाव घेतलं. पहिलीच्या मुलांना नाचाचे कपडे घालताना सेफ्टी पिन तोंडात धरून तासभर उभ्या असलेल्या दोन आयांची नावं घेतली. उठलेले लोक उभ्यानंच थांबले. मांडववाला मागे दोर सोडत होता, त्यानं हात थांबवला. नंतर मी विचारलं, एवढी नावं कुठून आणली? म्हणाल्या, “इचारली. अज्ञात कोण आहे वो इथं? सगळे तर समोर फिरून राहिले.” तेव्हापासून ती ओळ त्यांची झाली. निवृत्तीनंतरही स्नेहसंमेलनाला त्या आभारासाठी यायच्या.

मग एका वर्षी प्रशिक्षणातून कृतज्ञता आली. दोन दिवस शिकवलं, चार्ट दिला आणि सांगितलं की प्रत्येक वर्गात कृतज्ञता पेटी ठेवा, मुलांनी तिच्यात चिठ्ठ्या टाकाव्यात. मी तेव्हा मुख्याध्यापिका झाले होते, मी पेट्या करून घेतल्या, रंगीत कागद लावले. महिन्याभरानं उघडल्या. ‘थँक्यू मैडम’, ‘थँक्यू मम्मी’, ‘थँक्यू भगवान’, शंभरेक चिठ्ठ्या, सगळ्या सारख्या. चौथीतल्या एकीनं फळ्यावरचा मोठा शब्द उतरवायचा प्रयत्न केला होता आणि लिहिलं होतं, ‘हम सब आपके कृतघ्न हैं’. दीदी ती चिठ्ठी घेऊन ऑफिसात आल्या, खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेवटी खोकला लागला. “हिनंच खरं लिहिलं पाय,” म्हणाल्या. “बाकी सगळे खोटे.”

दुसरीतली पेटी त्यांनी खडू ठेवायला घेतली. त्याऐवजी शनिवारचा शेवटचा तास सुरू केला आणि त्याला नाव दिलं आभारप्रदर्शन. नियम तीन होते. उभं राहायचं. ज्यानं आपल्यासाठी काही केलं त्याचं नाव आणि त्यानं केलेलं काम सांगायचं. मग त्या माणसाकडे जाऊन तेच त्याच्या तोंडावर सांगायचं. थँक्यू म्हणायला बंदी. मी विचारलं, “दीदी, थँक्यूनं तुमचं काय बिघडवलं?” त्या म्हणाल्या, “थँक्यू म्हटलं की पोट्टं मोकळं होते. समोरच्यानं काय केलं ते त्याले सांगाच लागत नाही.” आणि आपल्या घरात तर कुणी थँक्यू म्हणतही नाही, म्हटलं तर समोरचा विचारतो, मी परका झालो का? ते त्यांचं दुसरं कारण होतं.

पहिले काही शनिवार सगळी मुलं आईच्या डब्यावर अडकली. दीदींनी डबा महिन्यातून एकदाच, असं ठरवलं. मग मुलं बघायला लागली. जेवण शिजवणारी फूलबाई, तिच्याकडे एक बारकी मुलगी गेली आणि म्हणाली, “फूलबाई ने मेरे लिए बिना मिर्ची की दाल अलग निकाली.” फूलबाई डाव हलवत होती, ‘हव’, म्हणजे हो, एवढंच म्हणाली आणि हलवत राहिली. सोमवारी तिनं चार मुलांची डाळ अलग काढली. एक मुलगा ऑटोवाल्याकडे गेला, की परवा माझी चप्पल तुटली तेव्हा तुम्ही थांबलात. ऑटोवाल्याला वाटलं तक्रार आली आहे, तो म्हणाला, “दो मिनट ही रुका था भैया, क्या हुआ?” एकदा एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, “अमन ने आज मुझे मारा नहीं.” वर्ग हसला. दीदी म्हणाल्या, “हसू नका. न मारणं हेही काम आहे, त्याले इचारा किती कठीण गेलं.” अमन म्हणाला, “बहुत.” आणि छाती पुढे काढून बसला.

मला हे पटत नव्हतं, असं नाही. मला त्याचा त्रास होता. शनिवारी शेवटच्या तासाला दुसरीची चाळीस मुलं शाळाभर हिंडायची, स्वयंपाकघरात, फाटकावर, पाचवीच्या वर्गात गणित चालू असताना. एकदा मी दारात जाऊन सांगितलं की दीदी, हे बसून करता येत नाही का, शाळेचा बाजार होतो. दीदी काही बोलायच्या आत पुढच्या बाकावरच्या मुलीनं मला विचारलं, “मैडम, आप किसका नाम लोगी?” सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. दीदीसुद्धा बघत होत्या. मग त्याच म्हणाल्या, “मॅडमले काम आहे बेटा, जाऊ दे त्यांले.” मी गेले. मला सोडून दिलं होतं हे मला दारातच कळलं होतं, कारण नाव कुणाचं घ्यायला हवं ते मला माहीत होतं. दीदींनाही माहीत होतं.

ते असं. आमच्या आधीच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या तेव्हा ती खुर्ची दीदींची होती. सेवाज्येष्ठतेनं त्यांचीच, त्यात दुमत नव्हतं. त्या वर्षी माझ्या नवऱ्याला, प्रकाशला अर्धांगवायू झाला होता. मी रजा काढून तेलीबांध्याच्या घरात त्याच्या पलंगाशी होते आणि नोकरी सोडण्याचा विचार करत होते. एका दिवशी शाळेतून निरोप आला की मेश्राम दीदींनी लेखी नकार दिला आहे आणि माझं नाव सुचवलं आहे. मी गेले. स्टाफरूममध्ये दीदी सगळ्यांसमोर म्हणाल्या, “मले नको ते. ऑफिसात बसून राहिलं की माझे पाय सुजतात. सुधाले द्या, तिले हिशेबात राहता येते.” पाय सुजतात हे खोटं होतं. मला तेव्हा वाटलं की माझी अडचण बघून त्यांनी दया केली आहे. दया घ्यायला मला कधी जमलेलं नाही. मी खुर्ची घेतली आणि दया घेतल्याचं काही दाखवायचं नाही असं ठरवलं. त्या दिवशी बोलले नाही कारण प्रवेशाचं काम होतं. नंतर बोलले नाही कारण उशीर झाला होता. दोन वर्षांनी प्रकाश गेला, तेव्हा दीदी रोज संध्याकाळी घरी येऊन बसायच्या, तेव्हाही बोलले नाही. मग इतकी वर्षं झाली की आता बोलणं विचित्र दिसलं असतं.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला शाल झाली, श्रीफळ झालं, पाच भाषणं झाली. सूत्रसंचालन करणारी नवी शिक्षिका पत्रिका बघून म्हणाली, “आता आभारप्रदर्शन, मेश्राम दीदी.” फाइलमधली ती ओळ बदलायची मी विसरले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. इतकं ते सवयीचं होतं. दीदींनी एकदा पत्रिकेकडे बघितलं, हसल्या, शाल सावरत उठल्या आणि आपल्याच निरोप समारंभाचे आभार मानले. मांडववाल्याचं नाव घेतलं. फूलबाईचं घेतलं. माझं घेतलं, की सुधा मॅडमनी काल हॉलचे पंखे दुरुस्त करून घेतले, म्हणून आज कोणाले घाम आला नाही. ते खरं होतं. लोक उठले, समोसे वाटले गेले, कार्यक्रम संपला. तेलीबांध्याच्या सिग्नलला उभी असताना मला कळलं की आज दीदींचं कौतुक सगळ्यांनी केलं, आभार कुणीच मानले नाहीत. सोमवारी फोन करायचं ठरवलं. सोमवारी वेळापत्रक लावायचं होतं. दुसरीचा शनिवारचा शेवटचा तास मोकळा दिसला, तिथे मी इंग्रजी वाचन टाकलं.

शेवटची भेट मे महिन्यातली. दीदी आणि त्यांचे यजमान चौबे कॉलोनीत पल्लवीकडेच राहायचे. दीदी खूप बारीक झालेल्या, उशीला टेकून. सेवापुस्तिकेतल्या एका पानावर त्यांची सही राहिली होती, ते निमित्त करून गेले. जाताना वाटेत ठरवलं होतं की आज सांगायचं, दोनच वाक्यं आहेत. सही झाली. मी कागद पिशवीत ठेवत होते तेव्हा त्यांनी विचारलं, “शनिवारचं चालू आहे का?”

मी म्हटलं, “चालू आहे.”

“कोण घेते?”

“मीच घेते.”

“तू?” त्या जरा उठून बसल्या. “जमते तुले?”

“जमतं.”

“मागच्या शनिवारी कोणाचं नाव घेतलं तू?”

“फूलबाईचं,” मी म्हटलं. दुसरं नाव सुचलं नाही.

“काम?”

“डाळ चांगली झाली होती.”

दीदी “हव” म्हणाल्या आणि परत टेकल्या. घरी पोचल्यावर मला आठवलं की फूलबाई होळीपासून लेकीच्या बाळंतपणासाठी गावी आहे आणि दर रविवारी ती दीदींना फोन करते. आणि मेच्या महिन्यात शाळा तर बंदच असते. इतक्या वर्षांची मुख्याध्यापिका मी, मला खोटंही धड बोलता आलं नाही. परत जाऊन खरं सांगायला हवं होतं. तीन आठवडे होते. गेले नाही.

पत्रिकेच्या दहा प्रती मी काढल्या, टाचण्या लावल्या, फाइल सेव्ह केली. शोकसभेत मीही बोलणार होते, पाच मिनिटं. काय बोलायचं ते लिहून काढलं, तर सगळं कौतुकच झालं होतं. कष्टाळू, प्रेमळ, विद्यार्थीप्रिय. ते फाडलं. दुसरं लिहिलं, ते पहिल्यासारखंच निघालं. कारण जे सांगायचं होतं ते सभेत सांगायचं नव्हतंच, ते एकीच्या तोंडावर सांगायचं होतं आणि ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी पल्लवीकडे गेले. शनिवारी शाळा सकाळची असते, साडेसातची. पल्लवी डबा भरत होती, मला बघून घाबरली. “मौसी, सब ठीक?” मी म्हटलं, ठीक आहे, दोन मिनिटं बस. ती बसली. मी उभी राहिले. तिला वाटलं मी लगेच निघाले, म्हणून तीही उठली. मी तिला परत बसायला सांगितलं आणि म्हटलं, “इंदू मेश्राम. त्यांनी मुख्याध्यापिकेची जागा सोडली आणि ती मला मिळाली. पाय सुजत नव्हते त्यांचे. मी त्यांना हे कधी बोलले नाही.” एवढं बोलून मी थांबले. दुसरीतली मुलं याच्यापेक्षा बरं करायची. मग राहिलेलंही सांगितलं, की शनिवारचा तास मी बंद केला आणि तुझ्या आईला मे महिन्यात खोटं सांगितलं.

पल्लवीनं डब्याचं झाकण उचललं. मग म्हणाली, “कुर्सी वाली बात मुझे पता है मौसी. बहुत झगड़ा हुआ था उस टाइम घर में. बाबा तीन दिन आई से बोले नहीं. मैं भी नहीं बोली. मैंने सहेलियों को बता दिया था कि मेरी आई बड़ी मैडम बनने वाली है.”

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी फक्त दीदींचं आणि माझं धरून चालले होते. मी विचारलं, “मग दीदी काय म्हणाल्या तुम्हाला?”

“आई बोली, सुधा पलंग के पास बैठी-बैठी खुद पलंग हो जाएगी. उसको रोज घर से निकलने का कुछ चाहिए. मेरे पास तो दूसरी कक्षा है.” पल्लवीनं झाकण लावलं. “दया-वया कुछ नहीं बोली. गुस्से में बोली थी, आप पर. कि ये लड़की नौकरी छोड़ रही है, पागल है क्या.”

मी बसले. काय वाटलं ते सांगता येत नाही. फार काही वाटलं नाही. पल्लवीनं विचारलं, “चाय बनाऊँ? आपको देर तो नहीं हो रही?” मी घड्याळ बघितलं, सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, “तू और बाबा, तुम दोनों का भी नाम लेना है मुझे. बाबा उठले की चहा ठेव.” आम्ही बाबांची वाट बघत बसलो. साडेसातची प्रार्थना त्या दिवशी माझ्याशिवाय झाली.